जित्याची खोड आणि शेवटचे पान

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आणि प्रणयकादंबरी यांचे मुळातच जमण्यासारखे नाही. म्हणीच्या मते माणूस बदलत नाही. कादंबरीच्या मते तो बदलतो, आणि काळ्या छटेचा नायक केंद्रस्थानी असलेली कादंबरी तर पुढे जाऊन असे सुचवते की तो एका विशिष्ट स्त्रीमुळेच बदलतो, इतर कोणाला ते साधले नसते. काळ्या छटेचा नायक याचा अर्थ खलनायक असा घ्यायचा नाही. खलनायक नायिकेच्या वाटेत उभा राहतो आणि शेवटी त्याचा बीमोड होतो. हा नायक मात्र तीच दांडगाई, तोच हेका आणि कधीकधी तीच हिंसा घेऊन येतो आणि तरीही नायिका अखेर त्याच्याच गळ्यात माळ घालते. शार्लट ब्राँटे यांच्या 'जेन एअर'मधला रॉचेस्टर आणि एमिली ब्राँटे यांच्या 'वदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ हे या जातीचे सर्वांत परिचित पुरुष असून दोन्ही कादंबऱ्या 1847 सालच्या आहेत. आज इंग्रजीत 'डार्क रोमान्स' या नावाची स्वतंत्र शाखा भरभराटीला आली आहे, तिच्यातला नायक नायिकेचा पाठलाग करतो किंवा तिला डांबून ठेवतो, पुस्तकाच्या आरंभी आत कोणकोणत्या प्रकारची हिंसा आहे याची सूचना छापलेली असते, आणि एवढे सगळे होऊनही प्रणयकादंबरीचा मूळ करार, म्हणजे शेवट गोड असण्याचे आश्वासन, सहसा मोडला जात नाही. प्रत्यक्षात ज्या माणसाला घराच्या उंबऱ्याशीही उभे केले जाणार नाही तो छापील पानांत इतका हवासा का वाटतो, आणि त्याला तसा हवासा करून लिहिणे कितपत योग्य आहे, हे दोन प्रश्न वेगळे असले तरी एकाचा विचार करू लागताच दुसरा आपोआप मध्ये येतो.

म्हणीचे म्हणणे आधी नीट ऐकून घेणे बरे. ती सरसकट कठोर नाही. नातवंडांनी चोरून ठेवलेली तपकिरीची डबी शोधून काढणाऱ्या आजोबांविषयी घरातली माणसे ती हसतहसत वापरतात, आणि तिथे तिचा अर्थ जवळजवळ लाडाचा असतो. पण तीच म्हण दारू पिऊन आलेल्या नवऱ्याविषयी उच्चारली जाते तेव्हा तिच्यात सांत्वनही असते आणि शिक्षाही असते: सांत्वन असे की तो सुधारत नाही यात बायकोचा दोष नाही, आणि शिक्षा अशी की आता सुधारण्याची वाट पाहू नये, निमूटपणे नांदावे. याच घरांतून आणखी एक वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकू येते. मुलगा उनाड आहे, हाताबाहेर गेला आहे, तर त्याचे दोनाचे चार हात करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल. ही दोन मते परस्परविरोधी आहेत हे उघड आहे, तरी ती बहुधा एकाच तोंडून येतात. लग्नाआधी मुलीकडच्यांना तो ताळ्यावर येण्याचे आश्वासन दिले जाते आणि लग्नानंतर मुलीला म्हण ऐकवली जाते. पुरुषाला सुधारण्याचे काम एका अनोळखी मुलीवर सोपवायचे, आणि ते तिला जमले नाही की ते मुळात कोणालाच जमणारे नव्हते असे सांगायचे, असा हा व्यवहार आहे. या व्यवहारात आशा दिली काय किंवा काढून घेतली काय, दोन्ही वेळा मुलगी त्याच घरात राहते. प्रणयकादंबरीवर भाबडेपणाचा आरोप करताना म्हणीच्या रोखठोकपणाचे कौतुक करण्याची सवय आहे, आणि म्हणूनच हा मुद्दा सहसा नजरेतून सुटतो.

म्हणीतला 'मेल्याशिवाय' हा भागही दुर्लक्षिण्याजोगा नाही, कारण तिने बदलाची वाट पूर्ण बंद केलेली नाही. तिची किंमत मात्र जिवाएवढी सांगितली आहे. या किमतीचा हिशेब कादंबऱ्यांना लावून पाहिला तर त्या म्हणीपासून वाटते तितक्या दूर नाहीत असे दिसू लागते. रॉचेस्टर सुधारतो, पण त्याआधी त्याचे घर जळते, त्याचा एक हात जातो, दृष्टी जाते, आणि जेन परत येते तेव्हा ती वारसाहक्काने स्वतःच्या पायावर उभी असते आणि त्याला तिचा हात धरून चालावे लागते. म्हणजे अर्धा माणूस मेल्यावर उरलेला अर्धा नवरा म्हणून चालतो. शिवाय त्याच आगीत त्याची पहिली पत्नी बर्था, जिला त्याने वरच्या मजल्यावर कोंडून ठेवले होते, ती प्राणाला मुकते. 1966 साली जीन ऱ्हिस यांनी 'वाइड सारगासो सी' या कादंबरीत त्या कोंडलेल्या स्त्रीची बाजू लिहिली, आणि तेव्हापासून एका स्त्रीच्या पदरी पडलेल्या नायकाची किंमत दुसरी कोणी मोजली आहे का हा प्रश्न टाळणे कठीण झाले आहे. हीथक्लिफ तर जिवंतपणी बदलतच नाही. सूड अर्धवट सोडून तो अन्नपाणी टाकतो आणि मरतो.

सुधारलेला रंगेल माणूस उत्तम नवरा होतो, अशी एक समजूत अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये म्हणीसारखीच रूढ होती. लंडनचे मुद्रक आणि कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन यांनी 1740 साली 'पामेला' लिहून या समजुतीला खतपाणीच घातले होते, कारण तिच्यातला धनी आपल्या मोलकरणीला डांबून ठेवतो, तिच्यावर हात टाकू पाहतो आणि शेवटी तिची पत्रे वाचून विरघळतो व तिच्याशी लग्न करतो. पुढच्या 'क्लॅरिसा' या अवाढव्य पत्ररूप कादंबरीत मात्र त्यांनी हीच समजूत घातक असल्याचे प्रस्तावनेतच सांगितले. हजरजबाबी, देखणा आणि वाक्चतुर लव्हलेस क्लॅरिसाला फसवून घराबाहेर काढतो, गुंगीचे औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो, आणि नंतर लग्नाला तयार होतो. ती नकार देते, खंगत जाऊन मरण पत्करते, आणि तोही द्वंद्वात मारला जातो. वाचणाऱ्या मुलींनी यातून धडा घ्यावा, एवढा लेखकाचा हेतू स्पष्ट होता.

ही कादंबरी 1747 च्या डिसेंबरपासून 1748 च्या डिसेंबरपर्यंत तीन हप्त्यांत प्रसिद्ध झाली, त्यामुळे अखेरचे खंड येईपर्यंत वाचकांना नायिकेचे भवितव्य माहीत नव्हते. शेवट दुःखाचा होणार अशी कुणकुण लागताच लँकशरमधल्या एका जमीनदार घराण्यातील लेडी ब्रॅडशे या बाईंनी टोपणनावाने रिचर्डसन यांना पत्र पाठवून विनवणी केली की क्लॅरिसाला वाचवा आणि लव्हलेसला सुधारा. आपल्याला हा दुष्ट माणूस आवडतो आणि ते कबूल करताना लाज वाटते, असेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. रिचर्डसन यांनी आपला शेवट बदलला नाही; पत्रव्यवहार मात्र वाढत गेला आणि पुढे दोघांची भेट व मैत्रीही झाली. बाईंनी समासात टिपणे केलेली 'क्लॅरिसा'ची प्रत आणि त्या टिपणांवर लेखकाने स्वतःच्या हाताने लिहिलेली उत्तरे शिल्लक राहिली आहेत, त्यामुळे एका पानाच्या कडेला वाचक आणि लेखक एका काल्पनिक पुरुषाच्या चारित्र्यावरून हुज्जत घालताना दिसतात. हुज्जत गंभीर होती. लव्हलेसवर भाळणाऱ्या वाचकांची संख्या पाहून रिचर्डसन धास्तावले, आणि नंतरच्या आवृत्त्यांत त्यांनी तळटीपा व वाढीव मजकूर घालून तो अधिक काळा केला. उपाय फारसा लागू पडला नाही; लव्हलेस हे नाव इंग्रजीत आणि अन्य युरोपीय भाषांतही मोहक लबाडाचे नाव म्हणूनच राहिले.

लेडी ब्रॅडशे यांच्या भगिनी लेडी एक्लिन यांनी तर लेखणी हातात घेऊन स्वतःचा वेगळा शेवट लिहून काढला. त्यांच्या शेवटात बलात्कार होत नाही आणि लव्हलेसला खरा पश्चात्ताप होतो. तरीही क्लॅरिसा वाचत नाही आणि तोही मरतो. कोणाचे बंधन नसताना, स्वतःच्या समाधानासाठी लिहिताना, त्या बाईंना या दोघांचा संसार मांडून देता आला नाही ही गोष्ट विलक्षण आहे. खोड गेली, पण म्हणीने मागितलेली किंमत देऊनच गेली. त्यांना बदल हवा होता की नवरा, असे विचारले तर कदाचित उत्तर असे निघेल की त्या पुरुषाने केलेल्या अन्यायाची त्याला स्वतःला पूर्ण जाणीव होणे हेच त्यांना हवे होते, आणि त्यापुढे संसाराला फारसे महत्त्व नव्हते. काळ्या छटेच्या नायकाच्या आकर्षणाचा एक धागा इथे सापडतो असे मानण्यास जागा आहे. प्रत्यक्षातला दांडगा पुरुष आपण काय केले हे सहसा कबूल करत नाही. कादंबरीतला गुडघे टेकतो, शब्दांत सांगतो, आणि त्याचे सांगणे वाचणारीला हवे तितक्या वेळा पान उलटून ऐकता येते.

अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी 1984 सालच्या 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथात एका गावातील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी बोलून जे नोंदवले ते या संदर्भात महत्त्वाचे ठरते. त्या स्त्रियांना क्रूर नायक सरसकट आवडत नव्हता; त्याच्या क्रौर्यामागे दडलेले प्रेम पुढे उघड होणार असेल तरच ते सहन होत होते. त्यांतल्या अनेक जणी पुस्तक विकत घेण्याआधी शेवटची पाने चाळून पाहत. लेडी ब्रॅडशे यांना जे पत्र पाठवून मागावे लागले होते ते या स्त्रियांना दुकानात उभ्या उभ्या मिळत होते. शेवट आधीच ठाऊक असल्यावर मधली भीती खरी राहत नाही. नायक दरवाजा आपटतो, मनगट पिळतो, दिवसेंदिवस बोलत नाही, आणि वाचणारीला प्रत्येक वेळी माहीत असते की हे सगळे पुढे प्रेम म्हणून उलगडणार आहे. नायिकेला मात्र यातले काहीच माहीत नसते, आणि प्रत्यक्ष संसारातली स्त्री तर नायिकेच्याच जागी असते; दोनाचे चार हात होताना तिच्या हाती शेवटचे पान कोणी देत नाही. मग ज्ञानाचा हा अधिकार वाचणारीला सुरक्षितपणे भीती अनुभवू देतो असे म्हणावे, की पिळलेल्या मनगटाचा अर्थ प्रेम असा लावण्याचा सराव तिच्याकडून करवून घेतो असे म्हणावे? दोन्ही म्हणण्यांना आधार आहे. एमिली ब्राँटे यांना दुसऱ्या शक्यतेची स्पष्ट जाणीव होती, कारण हीथक्लिफबरोबर पळून जाताना इझाबेलाला तिचा लाडका कुत्रा बागेत फासावर लटकावलेला आहे हे ठाऊक असते, आणि पुढे हीथक्लिफच तिची टर उडवतो की एवढे पाहूनही तिने त्याला कादंबरीतला नायक समजावे. कादंबरीच्या आतच इतका उघड इशारा असूनही पुढच्या पिढ्यांनी हीथक्लिफला प्रियकरांचा आदर्श मानले, आणि 1939 सालच्या गाजलेल्या चित्रपटाने तर कथेचा उत्तरार्ध गाळून ते काम सोपे करून दिले.

शेवट गोड असल्याने बिघाड होतो असे मानावे, तर मराठी रंगभूमीवरचे एक उदाहरण आडवे येते. राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर 1919 साली रंगमंचावर आलेल्या 'एकच प्याला'मध्ये सुधाकर सुधारत नाही. दारूपायी बुद्धिमान वकिलाचा संसार धुळीला मिळतो, त्याची पत्नी सिंधू लोकांची दळणे दळून घर चालवते, मूल हातचे जाते, आणि अखेरच्या घटका मोजतानाही ती पोलिसांपुढे नवऱ्याला वाचवणारी जबानी देते. नाटक दारूच्या विरोधात होते आणि त्याचा शेवट म्हणीइतकाच निष्ठुर होता. प्रेक्षक पिढ्यान् पिढ्या रडले ते खरे, पण बालगंधर्वांच्या सिंधूसाठी रडताना त्यांनी दारूचा धिक्कार जितका घरी नेला तितकाच तिच्या जबानीचा गौरवही नेला, आणि 'सिंधू' हे सोशिक पत्नीचे मानचिन्ह झाले. इथे पुरुष मोहक नाही, सुधारत नाही, सुटतही नाही. तरी स्त्रीने काय करावे याविषयी प्रेक्षकाच्या मनात जे उरले ते 'पामेला'हून अधिक सौम्य होते असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

म्हणून लेखकाच्या जबाबदारीचा प्रश्न शेवट कसा केला यावर सोडवता येत नाही, आणि आरंभी छापलेल्या सूचनेवरही नाही, कारण रिचर्डसन यांच्या तळटीपा ही अशी सूचनाच होती. त्यांची अडचण याहून खोल होती. लव्हलेस इतका काळा केला असता की कोणीच त्याच्यावर भाळले नसते, तर क्लॅरिसासारखी समंजस मुलगी त्याच्या शब्दावर विसंबून घराबाहेर पाऊल का टाकते हेच कळले नसते, आणि धडा देण्याआधीच कादंबरी कोसळली असती. मोह दाखवल्यावाचून मोहाविषयी सावध करता येत नाही. ही अडचण खरी आहे, पण केवळ मोहच विकू पाहणाऱ्यालाही तिच्याआड उभे राहता येते, आणि वाचणारीही तेवढाच आधार घेऊन पुस्तक मिटते. एखादे पुस्तक यांतले नेमके काय करत आहे हे त्याच्या पानांतूनच ओळखता येते, की ज्या घरात ते वाचले जाते तिथे लग्नाआधी काय सांगितले जाते आणि लग्नानंतर काय ऐकवले जाते यावर ते ठरते, याचा निर्णय करायला बसावे तर लेडी ब्रॅडशे यांची टिपणे आणि रिचर्डसन यांची उत्तरे दोन्ही आलटून पालटून पटत राहतात.