पाय कापण्याआधी

घरात कुणाला ‘साखर’ असली की आपण भात, बटाटा, चहा यांवर पहारा ठेवतो. पायांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. मामंजींच्या पायाचं बोट काळं पडलं, तेव्हा त्यांना दुखलंसुद्धा नाही. मधुमेहानं पाय बधिर होतात ना! वन्संनी फोनवर सांगितलं, “वहिनी, गरम पाण्याचा शेक द्या.” मी तो दिला नाही. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि भाजलं की आणखी एक जखम.

पहिले डॉक्टर म्हणाले, “घोट्याच्या वर कापावा लागेल.” सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. मी एवढंच विचारलं, “रक्त कुठवर पोचतंय, ते पाहिलंत का?” पाहिलेलं नव्हतं.

मग रक्तवाहिन्यांच्या सर्जनांकडे गेलो. त्यांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब ताडून पाहिला, डॉपलर सोनोग्राफी केली, मग अँजिओग्राफी. त्यांनी समजावलं ते असं : गँगरीन झालेला भाग मेलेलाच, कुठल्या लेपानं वा गोळीनं तो पुन्हा जिवंत होत नाही. पण मागच्या जिवंत भागाला रक्त पोचलं, तर कमी कापून भागतं. जांघेतून बारीक तार घालून फुग्यानं रोहिणी रुंद करतात. ते जमण्यासारखं नसेल, तर पायातलीच शीर घेऊन बायपास. मामंजींचं फुग्यावर निभावलं. बोट गेलं, पाय राहिला. जखम भरायला मात्र तीन महिने ड्रेसिंग चाललं.

हा शोध घ्यायला सवड मिळाली, कारण बोट कोरडं होतं, सूज-ताप नव्हता. पाय सुजला, पाणी सुटलं, घाण वास आला, ताप चढला, तर मात्र चार ठिकाणी विचारत बसू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. विष अंगात पसरून जीव जातो. पलीकडच्या काकूंचा पाय असाच रातोरात गुडघ्याखाली काढला, आणि ते योग्यच झालं. आज त्या जयपूर फूट लावून भाजी आणतात. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो १९६८ साली घडवला, आपल्या लोकांना उकिडवं, मांडी घालून बसता यावं म्हणून.

आता रोज रात्री मामंजींचे तळवे मी बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. बिडीनं रोहिण्या आणखी आवळतात, म्हणून बंडलं उचलून टाकली. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. न बोलोत बापडे, चालताहेत ना!