पडद्यातली हिरवाई

अजिंठ्याच्या चित्रकारांनी आपले बहुतेक रंग मातीदगडांतून मिळविले. गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवा दगड, दिव्याची काजळी; निळा लाजवर्द तेवढा दूरदेशीचा. माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मळून त्यांनी भिंती लिंपल्या, वर चुन्याचा पातळ थर दिला आणि मग कुंचला उचलला. सतराव्या लेण्यातील षड्दंत जातकाचे हत्ती पाहताना वाटते, ज्याने हे रेखाटले त्याने हत्तीला पाण्यात उतरताना पोटभर पाहिले असले पाहिजे.

यंदा माजी विद्यार्थी मेळाव्याच्या निमित्ताने विद्यालयात मुलांची चित्रे मांडली होती. विषय होता ‘पडदा आणि निसर्ग’. एका चित्रात पिंपळाला पानांऐवजी मोबाइल लटकले होते. दुसऱ्यात जेवायला बसलेल्या घराच्या साऱ्या चेहऱ्यांवर निळसर उजेड पडला होता. तिसऱ्यात एक चिमणी काचेवरच्या दाण्यांना चोची मारीत होती. यंत्राने माणसाला सृष्टीपासून तोडले, हे आम्हां सर्वांना ठाऊक असलेले सत्य मुलांनी चोख मांडले होते. आम्ही मान डोलावीत पुढे सरकत होतो.

सातवीतल्या एका मुलीच्या चित्रापाशी मात्र आमची पावले थबकली. कागदभर राखाडी रंग, मधोमध फोनची चौकट आणि चौकटीत हिरवागार ऊस. उसात डोक्याला फडके बांधलेली आई उभी. मुलीचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या आसपास परततात. दर रविवारी वसतिगृहाच्या फोनवर तिला पाच मिनिटे मिळतात. त्या पाच मिनिटांत तिला आई दिसते आणि आईच्या मागचे शेतही दिसते.

आमच्यापैकी कित्येकांचे आईबापही असेच फडात असत. तेव्हा पोस्टकार्ड होते; पण ज्या आईला अक्षरओळख नव्हती, तिचे पत्र कोण लिहिणार? आम्ही सहा-सहा महिने आईचा आवाजही ऐकला नाही. त्या मुलीसमोर पडद्याला दूषण देण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

चित्र पुन्हा निरखले, तेव्हा उसाच्या पात्यांकडे लक्ष गेले. प्रत्येक पात्याच्या कडेला तिने बारीक करवती दात काढले होते. फोनच्या पडद्यावर ते दात दिसत नाहीत. ते हाताला कापतात तेव्हाच कळतात. आईबरोबर फडात पाचट गोळा केलेल्या बोटांनी ते कागदावर उतरविले होते. पडद्याने तिला ऊस दाखविला; ओळख मात्र आधीच झालेली होती. ज्या मुलांची अशी ओळख कधी झालीच नाही, त्यांना पडदा नुसता हिरवा रंग दाखवील. आमच्या शहरांतील घरांत वाढणारी आमची स्वतःची मुले आम्हांला त्या क्षणी आठवली.

म्हणून त्या संध्याकाळच्या बैठकीत आम्ही दोन वर्गण्या एकदम जमविल्या. एकीतून वसतिगृहाला आणखी दोन फोन येतील, म्हणजे पाच मिनिटांची पंधरा होतील. दुसरीतून मागच्या पडीक जागेसाठी कुदळी, खुरपी आणि रोपे येतील. येत्या सुट्टीत आम्ही आमच्या मुलांनाही तेथे घेऊन येणार आहोत. खुरपे कसे धरावे, हे त्यांना ती सातवीतली मुलगीच दाखवील.