सही करण्यापूर्वी

माझे माहेर भालकीचे, सासर आदिलाबादचे. मुलाशी मी कन्नडमध्ये बोलते, सासूबाई मराठीत आणि शाळा तेलुगूत. आपल्या सीमाभागात यात नवल ते काय! पण आमचा धाकटा उशिरा बोलायला लागला. तपासणीत बौद्धिक अपंगत्व निघाले, तेव्हा जो तो म्हणू लागला, "इतक्या भाषा कानावर पडल्या, म्हणूनच झाले." डॉक्टरांनी समजावले, की घरात दोन भाषा असल्याने अपंगत्व येत नाही. तरी मन खात राहिले.

तो आठ वर्षांचा असताना शाळेने त्याच्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या बैठकीला बोलावले. समोर वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षक. मी पदर सावरून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. कागद तेलुगूत होता. "इथे सही करा," म्हणाले. मी केली. घरी येऊन यांनी वाचून दाखवले: "जेवणाच्या सुट्टीत निरर्थक आवाज काढतो."

मी विचारले, "कसला आवाज?" दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितले, "ऊटा, ऊटा."

वाचकहो, तुम्हाला अर्थ सांगायला नको. माझे लेकरू जेवण मागत होते! दोष बाईंचा नव्हता, त्यांना कन्नड येत नव्हते. ते सांगणे माझे काम होते, आणि मी गप्प बसले होते.

पुढच्या बैठकीआधी पंधरा दिवस मी एका वहीत लिहीत गेले. तो काय मागतो, कोणत्या भाषेत मागतो, कशाला घाबरतो, कोणते काम एकट्याने करतो. सासूबाईंनाही सोबत नेले, कारण दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो. आधी कागद मराठीत समजावून मागितला. 'भाषा सुधारणे' असे मोघम उद्दिष्ट होते. मी म्हटले, "सुधारली हे कसे कळणार?" मग ठरले: तीन महिन्यांत, आठवड्यातल्या पाचपैकी चार दिवस, चित्र दाखवून किंवा कोणत्याही भाषेतल्या शब्दाने त्याने जेवण मागावे. चित्रे कोण करणार, घरी सराव कोण घेणार, पुन्हा कधी बसायचे, सारे लिहून घेतले. मग सही केली, आणि प्रतही मागून घेतली.

हे काही उपकार मागणे नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार निश्चित प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य बदल, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयीही कायद्यात आहेत. तेलंगणात भविता केंद्रांतले विशेष शिक्षकही याबाबत मार्गदर्शन करतात. मात्र मूल कसे बोलते, कसे रुसते, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसते. ते आपणच बैठकीत सांगायचे.

आता बाई सुट्टी होताच त्याला विचारतात, "ऊटा?" तो हसून डबा पुढे करतो. परवा तर तो त्यांना "अन्नम" म्हणाला. सासूबाईंना मात्र तो अजून "जेवू" असेच म्हणतो. कोणाशी काय बोलायचे, हे त्याला आपल्यापेक्षा बरे कळते.