दहा मिनिटे उशिराचा सूर्यास्त

आपल्या घरांना प्रवास नवा नाही. मालखरेदीसाठी सुरत आणि मुंबई, वसुलीसाठी लातूर आणि विजापूर, दर्शनासाठी कुंथलगिरी, श्रवणबेळगोळ आणि सम्मेदशिखरजी. लग्नसराईत तर बॅगा महिनाभर उघड्याच असतात. मात्र या साऱ्या प्रवासांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. प्रवासामागे काही काम असते आणि सोबत कोणीतरी असते. ज्यात काम नाही आणि सोबतही नाही, अशा प्रवासाला आपल्या घरांत नाव नाही. निदान बाईमाणसाच्या अशा प्रवासाला तरी नाही. जीव एकटा येतो, एकटा जातो, ही एकत्वभावना आपण पाठशाळेत पाठ करतो. परंतु घरातल्या बाईने एस.टी. स्टँडपर्यंत एकटीने जायचे म्हटले, तर कोणीतरी चपला घालून दारात उभे असते. त्यात मायाच असते, हे मी जाणते.

यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली. त्यांच्यामागे मी चिरंजीवांबरोबर चाटी गल्लीतल्या दुकानात बसू लागले. गेल्या पाडव्याला किल्ल्या आणि वह्या मुलाच्या आणि सुनेच्या हाती दिल्या. ते योग्यच झाले. दोघे माझ्यापेक्षा चोख व्यवहार पाहतात. मात्र त्यानंतर सकाळी अकरा वाजले की माझे हात रिकामे होऊ लागले. सत्तावन्नाव्या वर्षी रिकाम्या हातांचे काय करायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस मी घरात जाहीर केले, “वेंगुर्ल्याला जाऊन येते. एकटी.” क्षणभर सगळे गप्प झाले. मग मुलाने विचारले, “आई, तिथे आपले कोण आहे?” मी म्हटले, “कोणी नाही, म्हणूनच.”

वेंगुर्लेच का, याला कारण होते. तिथले एक व्यापारी वर्षानुवर्षे आमच्याकडून चादरी आणि टॉवेल नेत. पार्सलांवर त्या गावाचे नाव मी इतक्या वेळा लिहिले होते की अक्षरे हाताला पाठ झाली होती. गाव मात्र पाहिले नव्हते. मिरज, कोल्हापूर, आजरा करीत गाडी आंबोलीचा घाट उतरली. सावंतवाडीहून पुढे काजूच्या बागा सुरू झाल्या आणि रविवारी संध्याकाळी मी मुक्कामी पोहोचले.

सोमवार मी मुद्दाम निवडला होता. मासळीच्या गावात आपले खाणेपिणे कसे जमायचे, ही शंका आपल्या कोणाच्याही मनात पहिली येईल. ज्या घरी उतरायचे होते, तिथल्या सूनबाईंना मी फोनवर तसे विचारले होते. त्या हसून म्हणाल्या, “काकी, सोमवारी आमच्याकडे सगळ्यांचाच शिवराक. त्याची भांडी वेगळी.” कोकणात शाकाहारी जेवणाला शिवराक म्हणतात. सकाळी घावणे आणि नारळाचा गोड रस, दुपारी ओल्या काजूंची उसळ, भात आणि सोलकढी. उसळीत कांदा नव्हता, कढीत लसूण नव्हती. आपल्याकडे काजू म्हणजे दिवाळीच्या डब्यातला सुका, पांढरा जिन्नस. झाडावरून नुकता उतरवून सोललेला काजू किती कोवळा आणि चवीचा असतो, हे मला त्या दुपारी कळले.

सकाळी बंदराच्या रस्त्याने चालत निघाले. वाटेत डच वखारीचे पडके अवशेष आहेत. सतराव्या शतकात, पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला सोयीचे म्हणून, डचांनी येथे ठाणे केले होते. भिंतींवर झाडे उगवली आहेत. वखार हा शब्द आपल्या घरातलाच, त्यामुळे मी जरा जास्त वेळ तिथे थांबले. पुढे इंग्रजी अमदानीत बेळगावकडचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून या बंदरात येई आणि गलबतांतून मुंबईला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातल्या मुरगाव बंदरापर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि माल तिकडे वळला. रस्ता बदलला की पेठ बदलते, हे व्यापाऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही. पण मी पाहत होते ते निराळेच. व्यापार निघून गेला, तरी बंदर जागेवर होते. धक्क्याला होड्या लागत होत्या, मुले गळ टाकून बसली होती, टेकडीवरचे दीपगृह ऊन खात उभे होते. आपल्यावरून आता फारसा माल जात नाही, याचे त्या बंदराला काही वाटत असावे, असे दिसले नाही.

समुद्र पाहून सोलापूरच्या माणसाला आणखी एक आठवण येणे साहजिक आहे. वालचंद हिराचंद 1882 साली आपल्याच सोलापुरात जन्मले. ज्या गावाला समुद्राचा वारा लागत नाही, त्या गावच्या या मुलाने आपल्या सहकाऱ्यांसह 1919 मध्ये सिंदिया कंपनी उभारली आणि त्या वर्षीच्या 5 एप्रिलला त्यांची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. त्यांच्यासारखे साहस माझ्या ठायी नाही. मी आपली वाळूत पाय रोवून उभी होते. तरीही वाटले, समुद्र आपला नाही असे आपण उगाच धरून चालतो.

स्टँडजवळच्या बाकावर एक मासे विकणाऱ्या बाई रिकामी टोपली पायाशी ठेवून पैसे मोजीत होत्या. मोठ्या नोटा एका घडीत, सुटे पैसे दुसऱ्या पिशवीत, आणि दोन नोटा पदराच्या गाठीला वेगळ्या. हिशोबाची ती शिस्त मी ओळखली. आमच्या गल्ल्यावरही तसेच चालते. त्यांचा धंदा माझ्या संस्कारात बसणारा नव्हता, पण पैशाला लागलेली त्यांची बोटे माझ्या सासूबाईंच्या बोटांसारखी होती. मी सोलापूरची म्हटल्यावर त्या खुलल्या. “चादरीचा सोलापूर!” मग त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला, “एकट्याच इलात?” मी होय म्हटले. त्या उठत म्हणाल्या, “बरा. मी रोज एकटीच येतंय.” या एका वाक्यात ना कौतुक होते, ना कीव. तीन वर्षांत ‘एकटी’ हा शब्द माझ्याविषयी अनेकांनी उच्चारला, पण इतक्या साधेपणाने कोणी उच्चारला नव्हता.

दुपारनंतर उभादांड्याच्या सागरेश्वर किनाऱ्यावर गेले. सुरूच्या झाडांखाली चटई टाकून पडून राहिले. पुस्तक नेले होते, ते उघडले नाही. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा नातवाने एकच विचारले, “आजी, लाट केवढी आहे?”

सूर्यास्तापूर्वीचे जेवण यजमानीणबाईंनी डब्यात दिले होते. किनाऱ्यावरच बसून ते आटोपले, पाणी प्यायले आणि वेळ पाहिली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सूर्यास्ताची वेळ मी आयुष्यभर मिनिटांनिशी जाणत आले आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला तो आकडा पाहून पस्तीस वर्षे भाकऱ्या थापल्या, मुलांना खेळातून ओढून आणले, दुकानात निरोप धाडले. पण सूर्य मावळत असताना मी नेहमी चुलीकडे तोंड करून असे. वेळ ठाऊक होती. सूर्यास्त पाहिलेला नव्हता.

वेंगुर्ले सोलापूरच्या पश्चिमेला सव्वादोन अंश आहे. एका अंशाला चार मिनिटे, आणि गाव थोडे दक्षिणेलाही. त्यामुळे त्या दिवसांत तिथे सूर्य सोलापूरपेक्षा सुमारे दहा मिनिटे उशिरा मावळतो. तिकडे सुनेने ताटे उचलली असतील, तेव्हा इथे बिंब अजून पाण्याच्या वर होते. ती दहा मिनिटे कोणाची नव्हती. त्यांत काही शिजवायचे नव्हते, कोणाला हाक मारायची नव्हती. बिंब पाण्याला टेकले, चपटे झाले आणि पाहता पाहता गेले. मला रडू येईल असे वाटले होते. आले नाही. यजमान असते तर “चला आता” म्हणाले असते, एवढे आठवले आणि त्याचे हसू आले.

परतल्यावर घरखर्चाची वही लिहायला बसले. ती एवढीच वही अजून माझ्याकडे आहे. किराणा, दूध, औषधपाणी, यात्रा, दान, लग्नकार्य. वेंगुर्ल्याचा खर्च यांपैकी कोणत्याच खात्यात बसेना. सुनेने सुचवले, “आई, यात्रेत टाका.” पण ती यात्रा नव्हती. शेवटी कोऱ्या पानावर नवे खाते उघडले आणि वर माझे नाव लिहिले. सूनबाईने ते वाचले आणि थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पुढचे पान माझ्यासाठी सोडाल?” मी सोडले आहे.