न दाबताही दुखणारी नस

कंबरेतली गादी सरकते, ती नस दाबते, म्हणून पाय ठणकतो. माझ्या एमआरआयचं पाकीट हातात घेऊन मीही हेच सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आणि मग मला स्वीडनमधली डुकरं भेटली!

गोथेनबर्ग, 1993. ओल्मार्कर, रिडेविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या गादीतला मऊ गर काढला आणि त्याच डुकराच्या मणक्यातल्या नसांवर नुसता ठेवला. दाब नाही, चिमटा नाही, काही नाही. तरी काही दिवसांत नसांतून संदेश मंद धावू लागले. तुलनेसाठी गराऐवजी चरबी ठेवली, तर तसं झालं नाही. म्हणजे तो गरच नसेला झोंबतो! हे वाचून मी रात्री बायकोला उठवून सांगितलं. तिने कूस बदलली.

पण का झोंबतो? या गराला रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांची त्याच्याशी ओळखच नसते. वॉचमनने कधी न पाहिलेलं घरातलंच पोर अचानक फाटकापाशी यावं आणि वॉचमनने शिट्टी फुंकावी, तसं होतं: गर बाहेर येताच पांढऱ्या पेशी धावतात, टीएनएफसारखी रसायनं सुटतात, दाह होतो, नस सुजते, हुळहुळी होते. अशा नसेला मग थोडा दाबही सोसत नाही. म्हणजे नुसती गादी सरकली म्हणून दुखेलच असं नाही. आता 1990 सालची बोडेन या संशोधकाची तपासणीही कळते: कधीच कंबर न दुखलेल्या साठीच्या आतल्या लोकांतही पाचातल्या एकाची गादी एमआरआयमध्ये सरकलेली दिसली होती.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ज्या दाहाला मी शिव्या घालत होतो, तोच सांडलेला गर खाऊन साफ करतो! पूर्ण तुटून पडलेला मोठा तुकडा तर विरघळण्याची शक्यता उलट जास्त. रिपोर्टमध्ये जो सगळ्यात भयंकर वाटतो, नेमका तोच.

मग टीएनएफच रोखला तर? फिनलंडमध्ये टीएनएफ रोखणारं इंजेक्शन देऊन पाहिलं. सुरुवातीला झकास वाटलं, पण खोट्या औषधाशी तुलना केली तेव्हा फरक उरला नाही. शरीर इतकं सरळ नाही, आणि खरं सांगू, मला तेही आवडलं.

तेव्हा रिपोर्टमधला ‘बल्ज’ (गादीचा फुगवटा) हा शब्द वाचून हातपाय गाळू नका. मात्र बसायची जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा गेला किंवा पाऊल लुळं पडलं, तर हे असले लेख वाचत बसू नका; त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.