मुळशीचे पाणी

पुणे शहर मागे टाकून पौडच्या वाटेने पश्चिमेकडे निघाले, की हळूहळू डोंगर जवळ येऊ लागतात. भाद्रपदात तर या मुलुखाचे रूप मोठे लोभस असते. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी भाताची खाचरे डोलत असतात, बांधांवर तेरडा फुललेला असतो आणि माळावर सोनकीची पिवळी फुले वाऱ्याबरोबर हलत असतात. सुमारे 40 किलोमीटर गेल्यावर एका वळणावर अवचित दर्शन होते ते मुळशीच्या विस्तीर्ण जलाशयाचे.

अशाच एका सकाळी एका शाळेची सातवीतली मुले गुरुजींबरोबर तेथे सहलीला आली. पाणी पाहताच साऱ्यांनी एकच गलका केला. समोरच्या डोंगरांची हिरवी छाया पाण्यात उतरली होती. मधूनच ढगांचा एखादा पुंजका खाली येई आणि पलीकडचा तीर क्षणभर दिसेनासा होई. एका मुलाने वही काढून लगेच लिहिले, ‘मुळशीचे धरण फार सुंदर आहे.’

“हे पाणी कोणीकडे जाते, सांगा पाहू?” गुरुजींनी विचारले.

“मुळा नदीचे पाणी पूर्वेकडे जाते. पुण्याला मुठेला मिळते, पुढे भीमेला आणि कृष्णेला!” भूगोलात हुशार असलेली एक मुलगी म्हणाली.

“नदीची वाट तू बरोबर सांगितलीस. पण येथे माणसाने ती वाट फिरविली आहे. या तलावाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे नेले आहे. तेथे ते सुमारे 500 मीटर खाली कोकणातल्या भिरा येथे उतरते. त्या वेगाने चक्रे फिरतात आणि वीज निर्माण होते. मग ते पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते.”

मुले थक्क होऊन ऐकत होती. जवळच गुरे चारीत बसलेला एक म्हातारा काठी टेकीत पुढे आला. वय पंच्याऐंशीच्या घरातले. पण नजर अजून तीक्ष्ण होती.

“पोरांनो, पाणी कुठं जातं ते गुरुजींनी सांगितलं. पाण्याखाली काय हाय ते मी सांगू का?”

“सांगा ना, आजोबा!” मुले त्याच्याभोवती गोळा झाली.

म्हाताऱ्याने काठीने तलावाच्या मध्याकडे बोट केल्यासारखे दाखविले. “तिथं आमचं गाव व्हतं. घर, गोठा, देऊळ, समदं. माझा बाप तवा तुमच्याएवढा व्हता. आंबेमोहराचं भात शिजलं, की वास दुसऱ्या आळीपर्यंत जायचा, असं तो सांगायचा. मरेपर्यंत त्यानं ह्या पाण्याला तळं म्हटलं नाही. ‘आपलं शेत’ म्हणायचा.”

कोणीच काही बोलेना. मग गुरुजींनी पुढची हकिकत सांगितली.

मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटांच्या वीज कंपनीने येथे धरण बांधण्याचे ठरविले. त्या वेळी राज्य इंग्रजांचे होते. 1894 च्या कायद्याचा आधार घेऊन सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी कंपनीला मिळवून दिल्या. सुमारे 50 गावे पाण्याखाली जाणार होती. पण त्या गावांना कोणी विचारले नव्हते. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. बांधकामावर जाऊन ते बसत, मार खात आणि तुरुंगात जात. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत.

या लढ्याचे एक पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. यंत्रविद्या शिकण्यासाठी ते विलायतेस गेले होते. तेव्हा यंत्राचे वैर त्यांना असणे शक्य नव्हते. पण गरिबाची जमीन त्याच्या संमतीवाचून घ्यावी, हे त्यांना पटेना. याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केले. हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडणारा असा हा सेनापती होता! मुळशीसाठी त्यांनी वर्षानुवर्षे कारावास सोसला. लोक थकले, त्यांच्यात फूट पडली. अनेक सावकार मोबदला घेण्यास राजी झाले. 1924 च्या अखेरीस सत्याग्रह संपला आणि 1927 साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

“म्हणजे मावळे हरले,” एक मुलगा खिन्नपणे म्हणाला.

“धरण झाले, हे खरे,” गुरुजी म्हणाले. “पण ज्याचे घर जाते त्याचे काय, हा प्रश्न त्यांनी देशापुढे ठेवला. तो पुन्हा कोणाला दडपता आला नाही. 1976 साली महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. तरीही त्या प्रश्नाचे पुरे उत्तर मिळाले आहे, असे म्हणता येणार नाही.”

सकाळी वहीत लिहिणारा मुलगा इतका वेळ गप्प होता. तो हळूच म्हणाला, “गुरुजी, माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत कामाला होते. त्या पगारावर त्यांनी माझ्या बाबांना शिकविले. ती गिरणी सेनापती बापट मार्गावर होती. हे बापट म्हणजे तेच का?”

“होय, तेच.”

मुलाने म्हाताऱ्याकडे पाहिले. आपल्या घरची चूल आणि या आजोबांचे बुडालेले शेत यांचा असा संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. त्याने खाली मान घातली.

म्हातारा हसला. त्याने मुलाच्या पाठीवरून हात फिरविला. “अरे, तू कशापायी मान खाली घालतोस? तुझ्या आजोबानं काय चोरी केली? कष्टच केलं त्यानं. माझा चुलताबी पोटासाठी मुंबैलाच गेला व्हता. दिवा लावावा, बाबा. पण तेल कुणाच्या घरचं जळलं, तेवढं ध्यानात ठेवावं.”

दुपारी मुले परत निघाली. बस वळणावर येताच साऱ्यांनी मागे वळून पाहिले. जलाशय सकाळइतकाच सुंदर दिसत होता. पण या वेळी गलका झाला नाही.

त्या मुलाने पुन्हा वही उघडली. सकाळी लिहिलेले वाक्य त्याने खोडले नाही. त्याखाली त्याने आणखी एक वाक्य लिहिले, ‘या पाण्याखाली गावे आहेत.’

दुसऱ्या दिवशी वही तपासताना गुरुजींनी ती दोन्ही वाक्ये वाचली आणि दोहोंपुढे ‘बरोबर’ अशी खूण केली.