स्वीटमधला पलंग, आपाची गोधडी
भाचा मुंबईच्या एका बड्या हॉटेलात कामाला आहे. ईदसाठी तो पहाटे दौंड जंक्शनवर उतरला. भीमेचा पूल ओलांडून, उसाच्या मळ्यांतून आम्ही घोडनदीकाठच्या शिरूरला निघालो. वाटेत म्हणाला, "मामू, एकाच पाहुण्याच्या स्वीटमध्ये झोपायची खोली वेगळी, बसायची वेगळी, खिडकीत समुद्र. पलंगावरची चादर मी रोज ताणतो. बसलो मात्र कधीच नाही."

मुंबईत हा थाट जुनाच. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडियासुद्धा नव्हते, ते १९२४चे.

शिरूरला आपाने एकुलत्या खोलीत धुतलेली गोधडी अंथरली होती. सवयीने तो तिच्या सुरकुत्या काढू लागला. आपा म्हणाली, "राहू दे बेटा, आज मेहमान तू आहेस."